माझा डावा गुडघा

गेल्या महिन्यात तासगावकडून एक बाई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलीच्या खुब्यात क्षय निघाला होता, आणि ओळखीच्या कंपाउंडरनं त्यांना माझं नाव सांगितलं होतं. मुलगी सतरा-अठराची असेल. तिनं तोंडातून शब्द काढला नाही. मी चहा ठेवायला उठले तेव्हा ती माझ्या चालण्याकडे बघत होती, आणि कप घेऊन परत आले तेव्हाही. तिला काय विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं. मलाही एके काळी तेच विचारायचं होतं आणि मी ते कुणालाच विचारलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. औषधं आणि त्यांचे डोस तुमचे डॉक्टर सांगतील. मला किती भीती वाटली आणि त्या भीतीपायी मी काय काय केलं, तेवढंच मी सांगणार आहे.

उंची

आमचं गाव आष्ट्याजवळ. ऊस आणि जरा हळद. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. ते लष्करात हवालदार होते आणि पलटणीच्या टीममधून बास्केटबॉल खेळायचे. पेन्शनवर घरी आल्यावर त्यांनी शाळेच्या आवारात एक जाड खांब रोवला, त्याला फळी ठोकली आणि लोहाराकडून वळवून आणलेली कडी बसवली. गावातली मुलं चार दिवस खेळली आणि कबड्डीकडे परत गेली. उरले आम्ही दोघंच.

सोळाव्या वर्षी मी पाच फूट दहा इंच झाले होते. आई म्हणायची, "शालन, जरा वाकून चाल गं. एवढ्या उंच पोरीला नवरा कुठनं हुडकायचा?" घरात मी वाकूनच चालत असे. साताऱ्याला कॉलेजात गेले, होस्टेलवर राहिले, तेव्हा खेळाच्या सरांनी मला बघितलं आणि थेट रिंगखाली नेऊन उभं केलं. "हलायचं नाही. ही तुझी जागा. ताठ उभी राहा."

मी सेंटर झाले. मी फार बास्केट करत नसे. माझं काम अडवायचं. समोरची मुलगी बॉल घेऊन आत शिरली की मी हात वर करून उडी घ्यायची, आणि तिचा शॉट तिच्याच अंगावर परतवायचा. पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीन शॉट असे परतले की पुढच्या मुली आत यायच्याच थांबत. लांबून मारत, निम्मे चुकत, आणि फळीवरून परत आलेला बॉल माझ्याच हातात येई. सर म्हणायचे, "शालननं किती अडवले ते मोजू नका. तिला बघून किती जणींनी मारलेच नाहीत, ते बघा." एवढी वर्षं ज्या उंचीची लाज वाटली, तिला कुणीतरी भीत होतं. ते मला फार आवडायचं.

पडले त्या दिवसापासून

सांगलीच्या मुलींशी मॅच होती, साताऱ्यातच. मुरमाचं ग्राउंड. दुसऱ्या हाफमध्ये एक शॉट अडवायला मी उडाले आणि उतरताना माझा पाय दुसरीच्या बुटावर पडला. गुडघा आतल्या बाजूला वळला. मी उठले, रुमाल घट्ट बांधला आणि शेवटपर्यंत खेळले. आम्ही जिंकलो. संध्याकाळी गुडघा सोललेल्या नारळाएवढा झाला होता, आणि तो हातात धरून मी मैत्रिणींबरोबर हसत होते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा चुलत्यांनी, तात्यांनी, शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे नेलं. त्यानं अकरा दिवस तेल लावून गुडघा चोळला. मी उशी दातात धरून पडायची. सूज जरा उतरली. मी साताऱ्याला परत गेले आणि खेळायला लागले.

इथे मी चुकले, आणि ती चूक मला दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची नाही. जिल्ह्याच्या टीमची निवड जवळ आली होती. खेळलं की गुडघा सुजायचा, आठवडाभर बसलं की उतरायचा. सर विचारायचे, "कसा आहे गुडघा?" मी म्हणायची, "चांगला आहे, सर." तीन महिने हेच उत्तर दिलं. मग संध्याकाळी कणकण यायला लागली. डावी मांडी बारीक होत चालली. सलवारमधून दिसत नव्हती, म्हणून मी गप्प. झोपेत पाय सैल पडला की अशी कळ यायची, की मी स्वतःच्याच ओरडण्यानं जागी व्हायची.

एका मॅचमध्ये एक बुटकी मुलगी बॉल घेऊन आत आली. मी उडी मारायला गेले आणि पाय जमिनीवरून सुटलाच नाही. तिचा शॉट माझ्या बोटांवरून गेला. तीच चकित होऊन माझ्याकडे बघायला लागली. सरांनी मला बाहेर बोलावलं, बाकावर बसवलं आणि गुडघ्यावर तळवा ठेवला. "हा तापलाय, शालन," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आण्णांना तार केली.

बारा दिवस

मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दवाखान्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच, असं मला अजून वाटतं. मग गुडघ्यातला तुकडा काढून तपासायला मुंबईला पाठवायचं ठरलं.

तुकडा काढल्यानंतर मी कॉटवर होते. पडद्यापलीकडे डॉक्टर आणि आण्णा बोलत होते. पडद्याला आवाज अडत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नसावं.

"हवालदारसाहेब, दोन शक्यता आहेत. एक, हाडाचा क्षय. तो औषधानं बरा होतो, वेळ लागतो. दुसरी, गाठ. गाठ निघाली तर पाय मांडीतून काढावा लागेल. तेव्हा मात्र उशीर करून चालणार नाही."

"कवा कळंल, साहेब?"

"दहा-बारा दिवस धरा."

आण्णा आत आले. माझ्या उशाशी उभे राहिले. "काय न्हाई, नुसती सूज हाय. ईल उतरून."

मी म्हटलं, "व्हय."

ते बारा दिवस कसे गेले ते सांगते, कारण त्या दिवसांबद्दल कुणी बोलत नाही. पहाटे पाचला घंटा व्हायची. ताप बघायला सिस्टर यायच्या. मग कॉटवरच लघवीचं भांडं, मग तोंड धुवायला पाणी, मग दूध. भांड्याची लाज पहिले तीन दिवस इतकी वाटली की मी पाणीच पीत नसे. कॉट माझ्या मापाची नव्हती, पावलं बाहेर लोंबायची. वॉर्डातले मामा एक स्टूल घेऊन आले, त्यावर घोंगडी घातली आणि माझी पावलं त्यावर ठेवून गेले. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले.

शेजारच्या कॉटवर गंगव्वा होती, अथणीकडची म्हातारी. तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची. दुपारी सगळे झोपले की मी एक गोष्ट करायची. डाव्या पायावर दोन चादरी अशा घालायची, की पाय दिसूच नये, मांडीनंतर कॉट सपाट दिसावी. मग तिकडे टक लावून बघत बसायची. सवय व्हावी म्हणून. एकदा गंगव्वानं ते पाहिलं. ती म्हणाली, "पोरी, असं बघू नको. जे हाय ते बघ." तिला सारं कळलं होतं. मी चादर काढली. पण दुसऱ्या दिवशी परत घातली.

आई एक दिवसाआड एस.टी.नं यायची, भाकरी आणि दह्याची बरणी घेऊन. येऊन बसली की माझ्या डाव्या पावलाची बोटं हातात घ्यायची आणि एकेक बोट हळूहळू ओढायची. गुडघ्याला हात लावत नसे. मला वाटे, हिला काही ठाऊक नाही, बरं आहे. पुढे खूप दिवसांनी कळलं, की आण्णांनी पहिल्याच दिवशी मिरजेच्या स्टँडवर तिला सगळं सांगितलं होतं. म्हणजे तिघांनाही माहीत होतं, आणि ते दोघं माझ्यापासून, मी त्यांच्यापासून लपवत आम्ही उसाच्या तोडीबद्दल बोलत होतो.

बाराव्या दिवशी आण्णा कागद घेऊन वॉर्डात आले. ते जवळजवळ पळत होते. त्यांना पळताना मी ग्राउंड सोडून कुठे बघितलं नव्हतं.

"शालन! टीबी हाय! टीबी हाय गं पोरी!"

सगळा वॉर्ड त्यांच्याकडे बघायला लागला. पोरीला क्षय झाल्याचा एवढा आनंद झालेला माणूस त्यांनी पाहिला नसेल. आण्णा कॉटच्या लोखंडी दांडीला धरून खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. गंगव्वानं विचारलं, "पाय ऱ्हातोय न्हवं?" मी मान डोलावली. ती देवाचं नाव घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

ताट

सहा आठवडे पायाला वजन लावून मी त्या कॉटवर पडून होते. मग मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालून घरी पाठवलं. रोज एक इंजेक्शन आणि मूठभर गोळ्या, दीड वर्ष. आष्ट्याचा कंपाउंडर सायकलवरून यायचा.

डॉक्टरांनी निघताना बजावून सांगितलं होतं, की हा सांध्यातला क्षय आहे, छाती साफ आहे, खोकल्यातून कुणाला लागायचा नाही. आण्णांनी तसंच्या तसं घरी सांगितलं. पण आमचं एकत्र कुटुंब. तात्यांच्या दोन मुली लग्नाच्या. तात्या वाईट माणूस नाहीत, मलाही त्यांनी लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली आहे. पण घाबरलेल्या माणसाचं कसं होतं ते मी स्वतःवरूनच शिकले होते.

आठवड्याभरात माझी थाळी, तांब्या, वाटी वेगळी झाली. मग एक दिवस सगळे जेवायला बसलेले असताना तात्या म्हणाले, "दादा, मी म्हन्तो, मळ्यातल्या खोलीत सोय केली तर? हवा चांगली हाय तिथली. पोरीला बी बरं वाटंल."

आण्णांच्या हातातला घास तसाच राहिला. "डाक्टर काय म्हनला ते ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं की. पर उद्या पाव्हनं आलं, इचारलं, तर काय सांगू मी? डाक्टर येनार हाय का सांगाया?"

मी भिंतीला टेकून बसले होते, प्लास्टरचा पाय समोर पसरून. माझ्या ताटात अर्धी भाकरी आणि थोडी आमटी उरली होती. आई चुलीपुढून उठली. माझ्यासमोर येऊन बसली. माझी थाळी आपल्या पुढ्यात ओढली, उरलेली भाकरी माझ्याच आमटीत कुस्करली आणि सगळी खाल्ली. थाळी बोटानं पुसून घेतली. मग तात्यांकडे न बघता म्हणाली, "आता मला बी मळ्यात धाडा."

तात्या ताटावरून उठले. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मी घरातच राहिले. पण त्यांच्या थोरल्या मुलीचं जमत आलेलं लग्न त्याच वर्षी मोडलं. का मोडलं ते कुणी सांगितलं नाही. मी ते आजही स्वतःच्या माथी घेते, आणि तिची नजर चुकवते.

कान

हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातं.

चौथ्या महिन्यात कानात रातकिडे ओरडायला लागले. दिवसाही. सकाळी उठून बसलं की घर फिरायचं. मग आईनं सैपाकघरातून मारलेली हाक ऐकू येईना. इंजेक्शनमुळे असं होऊ शकतं, आणि झालं तर लगेच सांगा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला नीट आठवत होतं.

मी सांगितलं नाही. माझा हिशेब साधा होता. इंजेक्शन बंद झालं तर क्षय वाढेल, क्षय वाढला तर पाय जाईल. कानापेक्षा पाय मोठा. म्हणून मी ओठांकडे बघून उत्तरं द्यायला शिकले. कंपाउंडर विचारायचा, "काय त्रास न्हाई न्हवं, ताई?" मी म्हणायची, "न्हाई." पूर्वी सरांना द्यायची तसंच उत्तर. जवळजवळ तीन आठवडे मी हे चालवलं.

एका सकाळी मी उंबऱ्याकडे तोंड करून बसले होते. अचानक आण्णा माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मागे वळून बघितलं तर फरशीवर पितळी घागर आडवी पडली होती आणि पाणी माझ्या पाटापर्यंत आलं होतं. त्यांनी ती मुद्दाम टाकली होती.

"कवापासनं?" त्यांच्या ओठांवरून मला कळलं.

"पंधरा-वीस दिस झालं."

मला वाटलं ते ओरडतील. ते पाण्यातच माझ्यासमोर बसले. अगदी तोंडाजवळ येऊन म्हणाले, "अगं, मी हाय न्हवं? तुझी आई हाय न्हवं? एकटीनंच सारं अडवायला निघालीस व्हय?"

त्याच दिवशी ट्रॅक्टरमधून आष्ट्याला आणि तिथून एस.टी.नं मिरजेला गेलो. डॉक्टरांनी कान तपासले, इंजेक्शन बंद केलं आणि मला खूप रागावले. मी त्यांचं बोलणं निम्मं ऐकलं. ते थांबले तेव्हा मी इतके महिने मनात ठेवलेला प्रश्न विचारला. आवाज किती मोठा निघाला ते मला कळलं नाही, पण बाहेरच्या बाकावरचे लोक आत बघायला लागले.

"डॉक्टर, माझा पाय जाणार का?"

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि माझ्या डाव्या कानाजवळ तोंड आणलं. "नाही. गोळ्या चालू राहतील, तेवढ्यानं पुरे. पाय जाणार नाही. हे तू मला पहिल्या दिवशी विचारलं असतंस, तर त्यातली भीती तरी वाटून घेतली असती."

डाव्या कानाचं बरंचसं परत आलं. उजव्यानं आता जवळजवळ ऐकू येत नाही. पाय वाचवायला मी कान दिला, असं कुणी कौतुकानं म्हणतं. तसं नाही. तो मी उगीच दिला.

सहा मिनिटं

प्लास्टर निघालं, गोळ्या संपल्या. गुडघा काटकोनापर्यंत वाकतो, त्यापुढे नाही. चालायला हरकत नाही, उडी मारायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी बुडालेलं वर्ष पुरं करायला साताऱ्याला गेले. सर म्हणाले, "बाकावर येऊन बसत जा. मुलींना बरं वाटेल." मी खेळाचा ड्रेस घालून बसत असे.

वाईच्या मुलींशी एक साधी मॅच होती, चषक-बिषक काही नाही. आमच्या दोघी आजारी, त्यात दोघी फाउलवर बाहेर गेल्या. सहा मिनिटं उरली होती आणि ग्राउंडवर चौघीच होत्या. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीच उठले. ते म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "उडी मारणार नाही, सर. नुसती उभी राहते."

मी रिंगखाली जाऊन उभी राहिले. वाईची एक दणकट मुलगी बॉल घेऊन थेट माझ्यावर आली. आणि मी बाजूला झाले. ठरवून नाही, अंगच सरकलं. तिनं मोकळ्या रिंगमध्ये आरामात टाकला.

तीच परत आली. या वेळी मी दोन्ही हात वर धरले आणि पाय रोवले. ती दोन पावलांवर थांबली. तिनं माझ्या हातांकडे बघितलं आणि बॉल लांब उभ्या मुलीकडे फेकला. तिनं लांबून मारला, तो चुकला. मी नुसती उभी होते आणि अडवलं होतं. तो आनंद काय होता ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या खेपेला दोघी आल्या. त्यांच्यातली एक घसरली आणि तिचा खांदा माझ्या मांडीला लागला. काही झालं नाही, नुसता धक्का. पण डोळ्यांपुढे ती सपाट चादर आली. मी हात वर केला आणि सरांना म्हटलं, "मला बाहेर काढा. मला भीती वाटते." ग्राउंडवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. चौघी शेवटपर्यंत खेळल्या आणि आम्ही हरलो. त्यानंतर मी खेळले नाही.

आता मी सांगलीला राहते, शिक्षिका व्हायचा अभ्यास करते. लग्न ठरलेलं नाही. भीती गेली आहे असं मी कुणाला सांगत नाही, कारण गेलेली नाही. थंडीत गुडघा जरा आखडला की तो तापलाय का, हे मी दिवसातून दहादा तळवा ठेवून बघते. दर सहा महिन्यांनी फोटो काढायला मिरजेला जावं लागतं. आदल्या आठवड्यात जेवण जात नाही.

येत्या सोमवारी पुन्हा जायचं आहे. आण्णांनी गावाहून पत्र पाठवलं, "मी येऊ का? की एकटी जातीस?" सांगलीहून मिरज असं किती लांब? मी एकटी सहज जाऊ शकते.

मी उत्तर लिहिलं, "या. मला भ्या वाटतंय."